मलमाची चाचणी आणि चाचणीबाहेरचे मलम
इसबावरील स्टेरॉइड मलमे : विज्ञान, बाजार आणि कायदा

चंदीगडच्या सीमेला लागून, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात झिरकपूर हे शहर वसले आहे. अंबाला, पतियाळा, कालका आणि चंदीगड या चारही दिशांचे रस्ते येथे एकत्र येतात. २००१ च्या जनगणनेत लहान गावात मोडणारे हे ठिकाण २०११ पर्यंत ९५ हजारांच्या घरात पोहोचले. भारतातील औषध व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरावा. तासाभराच्या अंतरावर हिमाचल प्रदेशातील बद्दी हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या औद्योगिक सवलतींनंतर तेथे कारखाने झपाट्याने वाढले. झिरकपूर आणि शेजारच्या पंचकुला भागात औषधे बाजारात आणणाऱ्या अनेक लहान कंपन्यांची कार्यालये आहेत. यांपैकी बहुतेकींचा स्वतःचा कारखाना नसतो. औषध दुसऱ्याकडून तयार करवून घ्यावयाचे आणि आपल्या नावाने विकावयाचे, अशी त्यांची पद्धत असते. चंदीगडमध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची प्रादेशिक औषध चाचणी प्रयोगशाळा आहे, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित 'पीजीआय', हीदेखील तेथेच आहे.

औषध तयार होते ते ठिकाण, विकणाऱ्याचे कार्यालय, तपासणारी प्रयोगशाळा आणि त्याचे बरेवाईट परिणाम पाहणारे रुग्णालय हे सारे येथे एका दिवसाच्या फेरीत पाहता येते. गंमत अशी की एवढ्याशा टापूत पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश अशी चार परवाना प्राधिकरणे आहेत. इसबावर लावावयाच्या स्टेरॉइड मलमाची 'चाचणी' या शब्दाचा अर्थही या प्रत्येक ठिकाणी निराळा होतो.

रोग आणि औषध

इसब हे एकाच रोगाचे नाव नव्हे. त्वचेला खाज सुटणे, लाली येणे, पाणी सुटणे आणि कालांतराने कातडी जाड व खरखरीत होणे, या लक्षणसमूहास ते दिलेले आहे. बालपणी सुरू होणाऱ्या 'ॲटॉपिक' प्रकारात त्वचेचा संरक्षक थर मुळातच कमकुवत असतो. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यास कारणीभूत ठरू शकतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. पीजीआयमधील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात उत्तर भारतीय बालकांमधील या रोगाचे स्वरूप नोंदवून ठेवले आहे. त्याच दशकात बालकांतील दमा व ॲलर्जीसंबंधीच्या 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात चंदीगडबरोबर मुंबई, पुणे व अकोला ही केंद्रेही सहभागी होती.

दुसरा मोठा प्रकार स्पर्शजन्य इसबाचा. त्याचे ठळक भारतीय उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत ही परदेशी वनस्पती १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आली, आणि पुढे तिच्या हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर चिवट इसब होऊ लागला. पुण्यातील रुग्णांवरील निरीक्षणे १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाली. बांधावरचे गवत कायम असेल तर मलमाने मिळणारा आराम तात्पुरताच राहतो. कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष वाचताना 'कोणता इसब?' हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो, तो यामुळेच.

अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन संधिवातावर पोटातून चमत्कारासारखे लागू पडत होते. तेच त्वचेवर चोळले असता मात्र उपयोग होईना. शरीरात, मुख्यतः यकृतात, कॉर्टिसोनचे रूपांतर हायड्रोकॉर्टिसोनमध्ये झाल्यानंतरच ते क्रियाशील होते, आणि त्वचेत हे रूपांतर पुरेसे घडत नाही. १९५२ मध्ये सल्झबर्गर व विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनचे मलम वापरून इसबात सुधारणा होते असे दाखविले. त्वचारोगशास्त्राचा आधुनिक उपचारकाल येथून सुरू झाला असे मानण्याचा प्रघात आहे. पुढील दोन दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूत फेरफार करून बीटामेथासोन व्हॅलरेट आणि नंतर क्लोबेटासोल प्रोपिओनेट अशी उत्तरोत्तर प्रखर औषधे तयार केली.

प्रखरता मोजायची कशी?

प्रत्येक नव्या रेणूची शेकडो रुग्णांवर चाचणी घेणे शक्य नव्हते. मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी १९६२ मध्ये एक साधी युक्ती मांडली. स्टेरॉइड त्वचेत शिरले की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ती जागा फिकट पडते. निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे लावून, ती झाकून ठेवून, काही तासांनी फिकटपणा पाहावयाचा. जे औषध अधिक विरल स्थितीतही त्वचा फिकट करते, ते अधिक प्रखर. रक्तवाहिनी-आकुंचन चाचणी या नावाने ही पद्धत रूढ झाली. ब्रिटिश पद्धतीतील सौम्य, मध्यम, प्रखर व अतिप्रखर हे चार वर्ग आणि अमेरिकी पद्धतीतील सात वर्ग ठरविताना तिचा मोठा आधार घेण्यात आला. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, ०.१ टक्का बीटामेथासोन व्हॅलरेट प्रखर, तर ०.०५ टक्का क्लोबेटासोल प्रोपिओनेट अतिप्रखर गणले जाते.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. टक्केवारी आणि प्रखरता यांचा परस्परसंबंध लावणे व्यर्थ आहे, ०.०५ टक्क्यांचे औषध १ टक्क्याच्या औषधाहून कितीतरी पट प्रखर असू शकते. नळीवरचा आकडा वाचून 'हे तर अगदी हलके आहे' असे समजणारा ग्राहक नेमका याच ठिकाणी फसतो.

मलम कोठे लावले जाते यावरही परिणाम अवलंबून असतो. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण शरीराच्या विविध भागांत मोजले. हाताच्या पुढील भागातून होणारे शोषण १ धरले तर तळपायातून ते ०.१४, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ इतके आढळले. तळपायाच्या जाड इसबाला जे औषध अपुरे पडते, तेच चेहऱ्यावर किंवा जांघेत अपायकारक ठरते, याचे कारण या आकड्यांत आहे.

या चाचणीलाही मर्यादा आहे. गोऱ्या त्वचेवर फिकटपणा सहज दिसतो, सावळ्या त्वचेवर तो ओळखणे अवघड. रुग्णांवरील चाचण्यांतही हीच अडचण येते. इसबाची तीव्रता मोजण्याच्या पद्धतींत लालीला गुण दिले जातात, आणि सावळ्या त्वचेवर लाली कमी दिसल्याने रोग प्रत्यक्षाहून सौम्य नोंदला जाण्याचा संभव असतो. भारतीय वाचकाने परदेशी निष्कर्ष वाचताना हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

रुग्णांवरील चाचणी

एखाद्या मलमाने इसब बरा झाला, हे विधान जितके सोपे वाटते तितके नाही. इसब ऋतूनुसार कमीजास्त होतो, काही वेळा आपोआपही शमतो. नुसत्या औषधरहित मलमानेही कोरडी त्वचा मऊ होऊन खाज कमी होते. तेव्हा सुधारणा औषधामुळे की आधारद्रव्यामुळे, हे ठरविण्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करतात, आणि कोणास काय मिळाले हे रुग्णास व तपासणाऱ्यास कळू देत नाहीत. त्वचारोगात आणखी एक सोय आहे. एकाच रुग्णाच्या डाव्या हातावर एक व उजव्या हातावर दुसरे मलम लावून तुलना करता येते. रुग्ण स्वतःच स्वतःचा तुलना-गट ठरतो.

मोजमापासाठी १९९३ मध्ये युरोपीय तज्ज्ञगटाने 'स्कोराड' आणि २००१ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी 'ईझी' ही गुणांकन पद्धत मांडली. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये 'पोएम' ही प्रश्नावली आली. तिच्यात डॉक्टर नव्हे, तर रुग्ण किंवा त्याची आई उत्तरे देते: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज सुटली, किती रात्री झोपमोड झाली. रोगाचा भार खरे तर याच प्रश्नांत असतो.

ब्रिटनमधील एक चाचणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सौम्य ते मध्यम इसब असलेली २०७ मुले होती. त्यांपैकी १७४ मुले साध्या दवाखान्यांतून आणि ३३ रुग्णालयातून घेण्यात आली होती. एका गटाने इसब उफाळल्यावर तीन दिवस प्रखर बीटामेथासोन लावले. दुसऱ्याने सात दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन. १८ आठवड्यांनंतर खाजविरहित दिवसांची मध्यक संख्या सौम्य गटात ११८ आणि प्रखर गटात ११७.५ भरली. म्हणजे सौम्य रोगात प्रखर औषधाने विशेष काही पदरात पडले नाही. आणि थोडे दिवस वापरलेल्या प्रखर औषधाची जी भीती बाळगली जाते, तिलाही या चाचणीने पुष्टी दिली नाही. दोन्ही बाजूंच्या आग्रही मतांना छेद देणारा असा निष्कर्ष क्वचितच मिळतो.

अशा सर्व चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. त्यात १०४ चाचण्या आणि ८,४४३ रुग्णांचा समावेश होता. प्रखर मलमाने उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण ७० टक्के, तर सौम्य मलमाने ३९ टक्के आढळले. प्रखर मलम दिवसातून एकदा लावले काय किंवा दोनदा लावले काय, फरक दिसला नाही. इसब शमल्यानंतरही आठवड्यातील दोन दिवस मलम लावत राहिल्यास तो पुन्हा उफाळण्याचे प्रमाण ५८ वरून २५ टक्क्यांवर आले. त्वचा पातळ होण्याच्या दुष्परिणामाची नोंद ज्या २२ चाचण्यांत होती, त्यांतील २,२६६ रुग्णांपैकी केवळ २६ जणांत, म्हणजे सुमारे एक टक्का लोकांत, तो आढळला.

एक टक्का हा आकडा वाचून समाधान मानण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. यांतील बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतील रुग्णालयांत झाल्या आणि अनेक काही आठवड्यांतच संपल्या. मलम डॉक्टरांनी निवडलेले, रोग निदान झालेला, मात्रा ठरलेली आणि शेवटची तारीख निश्चित, अशा स्थितीतील हा निष्कर्ष आहे. त्या मर्यादेत तो विश्वासार्ह आहेच.

दुकानाच्या फळीवर

भारतात मलमाचा प्रवास बहुधा या वाटेने होत नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांतून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या त्वचाविकारासाठी आलेल्या २,९२६ रुग्णांची त्यात विचारपूस करण्यात आली. ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावत होते. त्यांपैकी २५७ जणांना ते डॉक्टरव्यतिरिक्त अन्य कोणीतरी सुचविले होते. १२६ जण ते गोरेपणासाठी, रोजचे साधे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते. दुष्परिणाम ३९२ जणांत, म्हणजे ९०.५ टक्के लोकांत आढळले. हे रुग्ण त्रास होऊ लागला म्हणूनच रुग्णालयात आले होते, तेव्हा एक टक्का आणि नव्वद टक्के या आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण औषध तेच असूनही वापर बदलला की परिणामाचे चित्र किती पालटते, याची कल्पना त्यावरून येते. सततच्या वापराने चेहरा लाल होणे, पुटकुळ्या येणे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे आणि मलम थांबविताच आग होणे, या अवस्थेस कोलकात्याच्या लाहिरी व कुंडू या डॉक्टरांनी २००८ मध्ये 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले.

याच अभ्यासातील ४३३ पैकी २५८ जण मिश्र मलमे वापरत होते. मिश्र मलम म्हणजे एका नळीत स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक अशी दोन-तीन किंवा अधिक औषधे. निदान न करता सर्वांवर एकच उपाय, ही त्यामागची कल्पना. परंतु साध्या इसबाला बुरशीनाशकाची गरज नसते आणि गजकर्णाला स्टेरॉइडची. गजकर्णावर स्टेरॉइड लागले की खाज व लाली दबते, रुग्णास बरे वाटते आणि बुरशी मात्र पसरत राहते. तिचे नेहमीचे गोल कडे नाहीसे झाल्याने निदानही चुकते. या फसव्या रूपाचे वर्णन १९६८ मध्येच झाले होते. गेल्या दशकात भारतभर गजकर्णाची चिवट साथ पसरली, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी या मिश्र मलमांकडे बोट दाखविले. याच साथीत टर्बिनाफिन या बुरशीनाशकास दाद न देणाऱ्या बुरशीतील जनुकीय बदल २०१८ मध्ये पीजीआयच्या संशोधकांनी नोंदविले.

प्रयोगशाळेतील चाचणी

चंदीगडच्या प्रयोगशाळेत मलम जाते तेव्हा प्रश्न वेगळा असतो. नळीवर जे व जेवढे लिहिले आहे ते तेवढे आत आहे काय, हे तेथे पाहिले जाते. द्रव क्रोमॅटोग्राफीने औषध ओळखतात व मोजतात. आम्लता आणि सूक्ष्मजीवांचे प्रमाणही तपासतात. आम्लतेची तपासणी किरकोळ समजू नये. बीटामेथासोन व्हॅलरेटचा रेणू आम्लतेचे संतुलन बिघडताच आपली रचना बदलतो. व्हॅलरेटचा गट १७ व्या स्थानावरून २१ व्या स्थानावर सरकतो आणि औषधाची शक्ती पुष्कळच घटते. हेच औषध भलत्या आधारद्रव्यात मिसळून पातळ केल्यासही असे घडू शकते.

न लिहिलेले औषध सापडणे हा याहून गंभीर प्रकार. लंडनमध्ये इसबावर 'वनौषधी' म्हणून दिल्या जाणाऱ्या ११ चिनी मलमांची तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. 'आमच्या मलमात रसायन नाही' या जाहिरातीवर विसंबून लहान मुलांच्या चेहऱ्यावर ती लावली जात होती.

कायद्याची वाटचाल

'औषधे व विषे' हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० केंद्राचा. उत्पादन व विक्रीचे परवाने मात्र मुख्यतः राज्यांच्या प्राधिकरणांकडून मिळतात. एका राज्यातील परवान्यावर तयार झालेले औषध देशभर विकता येते. नव्या मिश्र औषधास केंद्रीय मान्यता आवश्यक असताना अनेक राज्यांनी ती न घेताच परवाने दिल्याचे संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ मधील अहवालात नमूद केले. त्यानंतर बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हजारो मिश्रणांची छाननी केली, आणि १० मार्च २०१६ रोजी केंद्राने कलम २६-अ अन्वये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत त्वचेवरील मलमेही होती. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपविले. मंडळाने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली.

याच वर्षी मार्चमध्ये दुसरा बदल झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या अनुसूची 'एच' मध्ये स्टेरॉइडे पूर्वीपासून होती, पण बाह्य वापराच्या मलमांना सूट देणारी टीप तेथे होती. १४ स्टेरॉइडांच्या मलमांची ही सूट काढून घेण्यात आली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी बराच काळ पाठपुरावा केला होता. नियम झाला, तरी फळीमागच्या विक्रेत्याने चिठ्ठी मागितली की नाही हे पाहण्यास पुरेसे औषध निरीक्षक लागतात, आणि ती उणीव जुनीच आहे.

रुग्णांवरील चाचण्यांची नोंद ठेवणारी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली, आणि जून २००९ पासून अशी नोंद बंधनकारक आहे. बाजारातील औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा; त्याचे समन्वय केंद्र २०११ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे.

झिरकपूरसारख्या ठिकाणच्या विपणन कंपन्यांशी प्रत्यक्ष निगडित असलेला बदल १ मार्च २०२१ रोजी अमलात आला. तोपर्यंत औषध अप्रमाणित निघाल्यास कायद्याचा रोख उत्पादकावर असे, आणि नळीवर ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे त्यास 'माल कारखान्याचा' असे म्हणता येई. २०२० च्या नियमदुरुस्तीने दुसऱ्याकडून औषध बनवून घेऊन विकणाऱ्यासही गुणवत्तेबद्दल उत्पादकाइतकेच जबाबदार धरले. येथील गुणवत्ता म्हणजे अर्थात नळीतील द्रव्याची गुणवत्ता. ते मिश्रण मुळात इसबावर असावे काय, हा निर्णय आजही कलम २६-अ खाली, एकेका मिश्रणापुरता, दिल्लीतच होतो.